धागा न झालेले दूध : नेक्सियाच्या कोळी-शेळ्यांचे प्रकरण

जानेवारी २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. कॅनडातील क्वेबेक प्रांतातली नेक्सिया बायोटेक्नॉलॉजीज ही कंपनी आणि अमेरिकी लष्कराची नेटिक येथील प्रयोगशाळा यांनी मिळून, कोळ्याचे जनुक सस्तन प्राण्याच्या पेशीत घालून तयार केलेल्या प्रथिनापासून धागा कातला होता. वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती ‘शेळीच्या दुधातून पोलाद’ अशी. निबंधातला धागा मात्र दुधातून आलेला नव्हता. गाईच्या कासेतल्या आणि हॅमस्टर उंदराच्या मूत्रपिंडातल्या, काचपात्रात वाढवलेल्या पेशींनी ते प्रथिन बनवले होते. शेळ्या कंपनीकडे होत्या, त्यांच्यात जनुकही होते, पण जगापुढे ठेवलेला धागा त्यांचा नव्हता. या प्रकरणाबद्दलचे निम्मे गैरसमज या एका फरकातून निघतात.

काही वर्षांतच कंपनीने तो धागा सोडून दिला. प्रथिन मिळाले होते, शेळ्याही धडधाकट होत्या. मग अडले कुठे? कोळ्याच्या धाग्याचे निम्मे गुण जनुकात असतात आणि निम्मे त्याच्या पोटातल्या एका बारीक नळीत. नेक्सियाने पहिला निम्मा भाग उचलला आणि दुसरा यंत्राने भागेल असे गृहीत धरले.

नक्कल कशाची करायची होती

कोळी एकाच प्रकारचे रेशीम काढत नाही. गोल जाळे विणणाऱ्या मादीकडे वेगवेगळ्या ग्रंथींतून निघणारे सहा-सात प्रकार असतात. सगळ्यांचा डोळा असतो तो मुख्य धाग्यावर. कोळी खाली उतरताना ज्यावर लोंबतो आणि जाळ्याची चौकट व आरे ज्याचे करतो, तो हा. युरोपातल्या बागांत आढळणाऱ्या अरॅनियस डायडेमाटस या कोळ्याच्या मुख्य धाग्याचे ताणबळ, म्हणजे तुटण्याआधी तो झेलतो ती ओढ, सुमारे १.१ गिगापास्कल भरते. उच्च प्रतीच्या पोलादी तारेचे १.५ आणि गोळीरोधक जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या केव्हलार या कृत्रिम धाग्याचे ३.६. म्हणजे ‘पोलादापेक्षा मजबूत’ हे विधान केवळ वजनाच्या हिशोबाने खरे आहे: पोलादाची घनता ७.८, रेशमाची १.३. जाडीला जाडी लावली तर पोलाद पुढे आहे आणि केव्हलार तर बरेच पुढे.

कोळ्याची खरी मातब्बरी चिवटपणात आहे. पोलादी तार एक टक्काही न ताणता तुटते, केव्हलार तीन टक्क्यांच्या आत. हा धागा मात्र २७ टक्के ताणला जातो आणि तेवढा ताणताना बळ सोडत नाही. तुटेपर्यंत तो घनमीटरमागे १६० मेगाज्यूल ऊर्जा पोटात घेतो. केव्हलार ५०, पोलाद ६. माशी येऊन आदळते तेव्हा जाळे फाटत नाही आणि माशी उलट उडूनही जात नाही, कारण ही ऊर्जा बहुतांशी उष्णतेत विरते.

हे साधते ते प्रथिनाच्या रचनेमुळे. धाग्याच्या स्पिड्रॉइन या प्रथिनात ॲलनीन या अमिनो आम्लाचे सलग पट्टे असतात, ते एकमेकांवर घट्ट बसून अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात आणि बळ देतात. मधले ग्लायसीनने भरलेले भाग सैल असतात, ताण तेच सोसतात. ही जोडी एका रेणूत शंभरेक वेळा येते. रेणू लांबलचक होतो, साधारण २५० ते ३५० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे माप). त्याच्या दोन्ही टोकांना मात्र अजिबात पुनरावृत्ती नसलेला एकेक छोटा भाग असतो.

आता नळीकडे. ग्रंथीच्या पिशवीत हे प्रथिन ३० ते ५० टक्के घट्ट द्रावणात साठवलेले असते आणि तरीही गोठत नाही. इतर बहुतेक प्रथिने एवढी दाट केली की गठ्ठा होऊन बसतात. पिशवीतून निघणारी नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळत पुढे निमुळती होत जाते. या प्रवासात आम्लता वाढते: सुरुवातीला पीएच ७.६ च्या आसपास, नळीच्या मध्यावर ५.७ वर. सोडियम आणि क्लोराइड बाहेर काढले जातात, पोटॅशियम आणि फॉस्फेट आत येतात, पाणी शोषले जाते. पीएच उतरला की रेणूंची एक टोके दोन-दोन करून एकमेकांत अडकतात, त्यामुळे साखळी लांबत जाते. दुसरी टोके आधीपासूनच जोडलेली असतात. ती सैल होऊन स्फटिक धरायला सुरुवात करून देतात. आणि हे सगळे धागा बाहेरून ओढला जात असताना होते. कोळी रस ढकलत नाही. तो धागा पायाने किंवा स्वतःच्या वजनाने ओढतो आणि त्या ओढीने रेणू एका दिशेला लागतात. सामान्य तापमान, पाण्यातले द्रावण, आणि शेवटी पाण्यात न विरघळणारा तीन-चार मायक्रॉनचा धागा.

हे चित्र २००० साली कुणाकडेही पूर्ण नव्हते. रँडी लुइस यांच्या वायोमिंग विद्यापीठातल्या गटाने १९९० मध्ये मुख्य धाग्याच्या जनुकाचा पहिला तुकडा वेगळा केला होता. पण पूर्ण लांबीची जनुके २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन टोकांचा आणि पीएचचा संबंध २०१० मध्ये उलगडला. नेक्सियाच्या हातात होता तो जनुकाचा मागच्या टोकाकडचा तुकडा. पुढचे टोक, ज्यामुळे साखळी जुळते, ते त्यात नव्हतेच.

शेळीच का

कोळी पाळून भागत नाही. एकत्र कोंडले की ते एकमेकांना खातात. मादागास्करमध्ये सुमारे बारा लाख सोनेरी कोळ्यांचा धागा हाताने ओढून एक कापड आणि पुढे खांद्यावरून घ्यायची एक झूल विणली गेली. तिचे लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट संग्रहालयात २०१२ मध्ये प्रदर्शन झाले. वस्तू देखणी, उत्पादनाची पद्धत म्हणून निकालात. (त्याच कुळातला नेफिला पिलिपेस हा मोठा कोळी सह्याद्रीत पावसाळ्याच्या सुमारास दिसतो. पायवाटेवर आडवे आलेले त्याचे पिवळसर जाळे अंगावर घेतले की धागा तुटताना जाणवतो.)

ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीने नव्वदीच्या दशकात जिवाणू आणि यीस्ट यांच्याकडून हे प्रथिन करून पाहिले. जिवाणूच्या दृष्टीने हा जाच आहे. एकच क्रम शंभरदा आल्यामुळे जनुक आपोआप कापले जाते. ग्लायसीनची मागणी एवढी की पेशीतला त्याचा पुरवठा संपतो आणि रेणू अर्ध्यावर सुटतो. जे बनते ते बरेचदा पेशीतच गोळा होऊन बसते.

नेक्सियाचे संस्थापक जेफ्री टर्नर मॅकगिल विद्यापीठात पशुविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता: कास आणि रेशीमग्रंथी, दोन्हींचे अस्तर भरपूर प्रथिन बनवून ते पाण्यात विरघळलेल्या स्थितीत बाहेर सोडणाऱ्या पेशींचे असते. म्हणून कोळ्याचे जनुक दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या जनुकाच्या ‘चालू’ कळीमागे जोडायचे, म्हणजे ते कासेतच आणि दूध असतानाच चालेल. जानेवारी २००० मध्ये असे जनुक असलेले पहिले दोन बोकड जन्मले, वेबस्टर आणि पीट. बोकडांना दूध नसते, पण जनुक पसरवायला तेच सोयीचे.

इथे वेळेचा हिशोब करून पाहा. बोकड वयात यायला सहा-आठ महिने, गाभणकाळ पाच महिने, मग त्याची मुलगी वाढून, गाभण राहून, व्यायला पुन्हा वर्षभर. पहिले उपयोगी दूध दोन वर्षांनी. जनुकात बदल करायचा ठरवला, उदाहरणार्थ रेणू लांब करायचा, तर पुन्हा पहिल्यापासून. जिवाणूत हाच बदल काही आठवड्यांचा असतो. हा वेळ थोडा कमी व्हावा म्हणून लवकर वयात येणाऱ्या बुटक्या जातीच्या शेळ्या कंपनीने निवडल्या, आणि कळप ठेवायला न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्ग इथल्या बंद पडलेल्या हवाई तळावरची शस्त्रकोठारे घेतली.

दुधापासून भुकटीपर्यंत

शेळीच्या दुधात लिटरमागे तीसेक ग्रॅम प्रथिन असते, बहुतेक केसिन. त्यात कोळ्याचे प्रथिन एक-दोन ग्रॅम. आणि केसिन सुटे नसते. त्याचे गोलक असतात आणि त्यांच्यात आपले प्रथिन अडकते.

या शेळ्यांच्या पुढच्या पिढ्यांवर लुइस यांच्या गटात जी पद्धत रुळली ती साधारण अशी. दूध अपकेंद्री यंत्रात फिरवून साय काढायची. आर्जिनीन हे अमिनो आम्ल घालून केसिनचे गोलक फोडायचे. मग दूध आडव्या प्रवाहाच्या गाळणीतून फिरवायचे: आधी मोठ्या छिद्राची, साधारण ७५० किलोडाल्टनची, म्हणजे मोठे कण मागे राहतात आणि रेशीमप्रथिन पार होते, नंतर लहान छिद्राची, ५० किलोडाल्टनची, म्हणजे रेशीमप्रथिन मागे राहून साखर, क्षार आणि लहान प्रथिने निघून जातात. त्यातून आलेल्या दाट द्रावणात अमोनियम सल्फेट हळूहळू घालायचे. रेशीमप्रथिन इतरांच्या आधी खाली बसते. ते धुवायचे, गोठवून कोरडे करायचे. पांढरी, हलकी भुकटी उरते.

बिघडते ते बहुधा गाळणीवर. साय नीट निघाली नसेल तर पडदा तासाभरात तुंबतो. दाब वाढवून रेटले तर प्रथिन पडद्यावरच थर धरते आणि उतारा घसरतो. अमोनियम सल्फेट जास्त पडले की केसिनही सोबत खाली येते आणि धुऊन पूर्ण जात नाही. केसिनचा अंश राहिलेली भुकटी दिसायला सारखीच, पण तिचा धागा ओढताना तुटतो.

एका शेळीचा हिशोब: रोज दोन लिटर, लिटरमागे दीड ग्रॅम, वर्षात ३०० दिवस दूध, म्हणजे ९०० ग्रॅम. शुद्ध करताना निम्मे गेले तर साडेचारशे. संरक्षक जाकिटात दोन किलो धागा लागतो असे धरले तर एका जाकिटामागे चार-पाच शेळ्यांचे वर्षभराचे दूध, आणि तेही धागा अजिबात वाया न जाता. धाग्याच्या लांबीत मोजले तर मात्र हे आकडे भुलवतात: चार मायक्रॉनचा धागा एका ग्रॅममध्ये साठ किलोमीटर होतो. वीस मायक्रॉनचा जेमतेम अडीच.

इथे घोडे पेंड खाते

भुकटीपासून धागा करायला आधी तिचे दाट द्रावण लागते. कारागिरीच्या भाषेत याला डोप म्हणतात. २००२ च्या निबंधात ६० किलोडाल्टनचे प्रथिन पाण्यातच विरघळवून २० टक्क्यांच्या वर नेले होते आणि हे काम खरोखर नावाजण्यासारखे होते. त्याआधीचे बहुतेक प्रयत्न तीव्र सेंद्रिय द्रावकांत अडकलेले होते. डोप सुईतून मिथेनॉल आणि पाण्याच्या कुंडात सोडायचा. मिथेनॉल पाणी खेचून घेतो आणि प्रथिन घट्ट होते. मग तो ओला धागा आणखी ओढायचा, म्हणजे आतले रेणू सरळ होतात.

हाती आलेला धागा १० ते ४० मायक्रॉन जाडीचा होता. चिवटपणा आणि ताठपणा नैसर्गिक धाग्याच्या जवळपास. ताणबळ मात्र सुमारे पाव गिगापास्कल, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. चिवटपणाचा आकडा चांगला दिसतो कारण तो धागा नैसर्गिक धाग्यापेक्षा जास्त, तुटेपर्यंत ४० टक्क्यांच्या वर, ताणला जात होता. चिवटपणा म्हणजे ढोबळमानाने बळ गुणिले ताण. बळ पडले आणि ताण वाढला तरी गुणाकार सावरतो. ‘नैसर्गिक धाग्याइतका चिवट’ असे कुणी म्हटले की आधी बळाचा रकाना पाहावा, तो याचसाठी.

बळ का पडले? एक, रेणू मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा. आखूड रेणूंची टोके जास्त, आणि धागा टोकांपाशी सुटतो. लांब रेणू करून पाहिले, १४० किलोडाल्टनपर्यंत, पण लांबी वाढली की पेशींचा उतारा उतरला. दोन, मिथेनॉल बाहेरून आत शिरतो. बाहेरची साल आधी घट्ट होते, आतला गाभा मागे राहतो, आणि पाणी निघाल्यावर गाभ्यात पोकळ्या पडतात. कोळ्याच्या नळीत बदल सगळ्या जाडीत आणि पायरीपायरीने होतो. तीन, धागा जाड. जाडी वाढली की एखादी पोकळी किंवा कण असण्याची शक्यता वाढते, आणि धागा आपल्या सर्वांत कच्च्या जागी तुटतो.

शिवाय रोजची कटकट. वीस टक्क्यांच्या वरचा डोप नळीत थांबला की जेली होतो. सिरिंज सुरू ठेवून चहा प्यायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा सुई बंद पडलेली असते. डोपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर नेमका ओढीच्या रुळावर धागा तुटतो. कुंडात मिथेनॉल कमी झाला तर धागा लोळत बसतो, जास्त झाला तर ठिसूळ होऊन ओढच घेत नाही.

जाकिटाचे गणित

गोळीरोधक जाकीट हे या प्रकल्पाचे विक्रीचे तोंड होते, आणि माझ्या मते मुळातली मोठी चूकही तीच. गोळी अडवताना धागा किती ऊर्जा घेतो एवढेच पुरत नाही. धक्का धाग्यात किती वेगाने दूर पसरतो तेही लागते, कारण तेवढ्याच लांबीचा धागा कामाला येतो. हा वेग ताठपणा भागिले घनता यांच्या वर्गमुळाइतका. केव्हलारमध्ये सेकंदाला साडेनऊ किलोमीटर, कोळ्याच्या धाग्यात पावणेतीन. वस्तुमानामागचा चिवटपणा गुणिले हा वेग, आणि त्याचे घनमूळ, हा अशा धाग्यांची तुलना करायचा रुळलेला निकष. ढोबळ आकडे घातले तर केव्हलार सेकंदाला ६९० मीटर आणि नैसर्गिक कोळीधागा ७००. बरोबरी. प्रत्यक्ष कोळ्याचा धागा टनाने मिळाला असता तरी केव्हलारवर मात झाली नसती.

त्यात जाकीट गोळी अडवूनही आत किती ढकलले जाते याची मर्यादा असते. अमेरिकी मानकात मागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा चालत नाही. पाव हिश्श्याहून जास्त ताणणाऱ्या धाग्याला हे जड जाते. आणि पाणी लागले की कोळ्याचा मुख्य धागा आकसतो, कधी निम्म्यावर येतो. घामाने आणि पावसाने भिजणाऱ्या जाकिटाला हा गुण नको आहे.

पैसा

डिसेंबर २००० मध्ये नेक्सियाने टोरांटो शेअर बाजारात चार कोटी कॅनडियन डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. पुढे जाड धाग्याचा नाद सोडून तिने विद्युतभाराने ओढलेल्या नॅनोतंतूंकडे मोर्चा वळवला आणि तोही फार चालला नाही. त्याच कंपनीचा दुसरा प्रकल्प मात्र विकला गेला: विषारी वायूंवर उतारा म्हणून शेळीच्या दुधातून काढलेले एक एंझाइम, प्रोटेक्सिया, २००५ मध्ये फार्मअथीन या कंपनीने घेतले. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲट्रिन हे रक्ताच्या गुठळ्यांवरचे औषधही शेळीच्याच दुधातले, दुसऱ्या कंपनीचे. शेळी तीच, तंत्र तेच. औषधाला ग्रॅमभर प्रथिन विरघळलेले हवे असते आणि त्याची किंमत मोठी असते. धाग्याला टनभर हवे, स्वस्त हवे, आणि विरघळलेले प्रथिन ही त्याची फक्त सुरुवात.

नंतर

शेळ्या लुइस यांच्याकडे गेल्या आणि २०११ मध्ये त्यांच्यासोबत युटा स्टेट विद्यापीठात. तिथे भुकटी बंद भांड्यात पाण्यासह तापवून विरघळवण्याची रीत बसली आणि धाग्यापेक्षा पापुद्रे, लेप आणि चिकटद्रव्ये यांवर जास्त काम होऊ लागले. या वस्तूंना रेणू एका दिशेला लागण्याची गरज नसते.

धाग्याचे दोन निम्मे भाग दोन वेगळ्या ठिकाणी सुटले. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ॲना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या गटाने दोन्ही टोके शाबूत ठेवलेले एक छोटे प्रथिन जिवाणूत बनवले. ते पाण्यात मिलिलिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळले आणि निमुळत्या काचनळीतून फक्त आम्लधर्मी पाण्यात सोडले की त्याचा धागा झाला. मिथेनॉल नाही, काही नाही. रेणू ३३ किलोडाल्टनचाच, म्हणून बळ १६२ मेगापास्कल. पुढच्या वर्षी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फुझोंग झांग यांच्या गटाने जिवाणूत बनलेले दोन तुकडे जोडून ५५६ किलोडाल्टनचा रेणू केला, मूळ कोळ्याहून लांब. बळ १.०३ गिगापास्कल, नैसर्गिक धाग्याच्या पंगतीत. पण तो विरघळवायला हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल हे सेंद्रिय द्रावक लागले. महाग, क्षरणकारी, ५८ अंशांवर उकळणारे.

तिसरी वाट नळी आयती घेण्याची. मराठवाड्यात तुतीवर पोसला जातो तोच रेशीमकिडा, बॉम्बिक्स मोरी, स्वतःच कताईचे यंत्र आहे. चीनमधल्या डोंगहुआ विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये त्याच्यात कोळ्याच्या एका लहान प्रथिनाचे पूर्ण जनुक बसवले. धाग्याचे बळ १.३ गिगापास्कल आणि चिवटपणा ३१९ मेगाज्यूल निघाला.

बाजारात सर्वांत पुढे पोचली ती जपानची स्पायबर ही कंपनी. २०१५ मध्ये तिने गोल्डविन या कपड्यांच्या कंपनीबरोबर जाकिटाचा नमुना दाखवला, पण विक्रीला २०१९ उजाडले: पन्नास नग, प्रत्येकी दीड लाख येन. मधली वर्षे गेली ती धागा पाण्यात आकसण्याची अडचण सोडवण्यात. उपाय म्हणून तिने प्रथिनाचा क्रमच बदलला आणि आकसण्याला जबाबदार असलेला, कोळ्याची ओळख सांगणारा भाग काढून टाकला. आज ती आपल्या मालाला कोळ्याचे रेशीम म्हणतच नाही. किण्वनाने बनवलेले प्रथिन म्हणून विकते, आणि ते बनते टाकीतल्या सूक्ष्मजीवांकडून.